बांगड्यांसाठी बारा व्होल्ट

आगीवर चालणारा फ्रीज कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. मी विकत घेतला, म्हणून अधिकाराने सांगतो. गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर एक परदेशी गृहस्थ दोन वर्षं आपल्या गाडीतच संसार थाटून राहिला होता. मायदेशी जाताना त्याने सामान विकायला काढलं, त्यातला हा फ्रीज मी उचलला. खाली गॅसची बारीक निळी ज्योत पेटवायची आणि वर बर्फ धरायचा, असा त्याचा कारभार. विज्ञानात हे शक्य आहे. पार्से गावात नाही.

"भाई, आगीर दवरून वस्त थंड जाता?" बाबलीने विचारलं. बाबली आमचा शेजारी. मोटारींचं वायंडिंग, घरांचं वायरिंग आणि वाड्याच्या उठाठेवी ही तिन्ही कामं तो एकाच पक्कडीने करतो.

"होते. आत अमोनिया असतो."

"मागीर चुलीर उदक दवरल्यार बर्फ जातलो म्हणा!"

दुसऱ्या दिवशी अर्धा वाडा, म्हणजे आमची अर्धी वस्ती, आगीचा फ्रीज पाहायला अंगणात. ज्योत पेटली, सगळ्यांनी माना डोलावल्या. सहा तासांनी दार उघडलं तर आतलं पाणी अंघोळीला चाललं असतं. मग कळलं की हा फ्रीज अगदी सपाट उभा असेल तरच चालतो, जरा कलला की रुसतो. फ्रीज माझ्या गाडीत बसवलेला, आणि आमचं अंगण विहिरीकडे उतरतं. गवंड्याची पाणसळ उसनी आणून मी चार दिवस गाडीच्या चाकांखाली चिरे सरकवत होतो. पाचव्या दिवशी गाडी सपाट झाली आणि वाऱ्याने ज्योत विझली. अंगणातच ही गत, तर घाटात काय होणार, हा विचार मला तेव्हा सुचला. आधी सुचला असता तर ही गोष्ट घडलीच नसती.

आता तुम्ही विचाराल, गाडीत फ्रीज हवाच कशाला? त्याला कारण माझी बायको शेवंती.

शेवंती अकरा महिन्यांपूर्वी तीन महिन्यांसाठी सोलापूरला गेली. आमची गौरवी तिथे बँकेत नोकरीला. तिला मुलगी झाली, जावई विशाल कायम फिरतीवर, आणि विहीणबाईंचे दोन्ही गुडघे ऑपरेशन करून नवे बसवलेले. म्हणजे एक जण पाळण्यात, एक जण पलंगावर आणि मधे शेवंती. घर कडक शाकाहारी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. ज्या बाईला बुधवारी बांगडा मिळाला नाही तर तिच्याशी शुक्रवारपर्यंत बोलायची सोय नसे, ती अकरा महिने आमटी-भाकरीवर राहिली होती! फोनवर मी विचारी, "आज कसलं जेवण?" ती म्हणे, "शेंगांची आमटी," आणि गप्प होई. तिच्या त्या गप्प होण्याने माझा जीव तीळतीळ तुटे.

मी जाऊन आलो होतो की एकदा. दोन खोल्यांचा फ्लॅट. मी टीव्हीखाली झोपलो तर विहीणबाईंना बातम्या लावता येईनात. जावयाच्या घरी सासऱ्याने किती दिवस पाय पसरावेत, याला काही मर्यादा आहे. तिसऱ्या दिवशी मी परतलो. येताना बसमध्येच योजना ठरली. आपली स्वतःची गाडी हवी, तिच्यात पलंग, शेगडी आणि फ्रीज हवा. गोव्याचं नुस्तं, म्हणजे मासळी, थंडगार न्यायचं, त्यांच्या इमारतीखाली गाडी लावायची, त्यांच्या उंबऱ्याला धक्का न लावता शेवंतीला गाडीतच माशांचं हुमण आणि भात रांधून वाढायचा. मला रांधता येत नाही, हा तपशील मी पुढच्या टप्प्यावर ठेवला.

इकडे माझं एकट्याचं तसं उत्तम चाललं होतं. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येई. पूर्वी तो न विचारता सहा पोया ठेवून जाई. आता विचारी, "एकूच?" रोज विचारी. एवढ्या मोठ्याने विचारायची काही गरज नव्हती.

सुरुवातीला बाबलीची बायको अश्विनी डबा पाठवायची. पण आमच्या वाड्यावर शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेवंती होती तेव्हा त्यात काही ना काही जायचं, मला कधी पत्ताही लागला नाही. मी एकदा केळी घातली, एकदा बिस्किटं घातली, एकदा घरात काहीच नव्हतं म्हणून मीठ घातलं. मिठाचा डबा उघडल्यावर अश्विनीने जे तोंड केलं ते पाहून मी सांगून टाकलं, बाई, माझं मी करून घेतो, डबा नको. डबा थांबला. डब्याबरोबर फाटकापाशी दोन मिनिटं जे बोलणं व्हायचं, तेही थांबलं. हे माझ्या लक्षात जरा उशिरा आलं.

गाडी डिचोलीला मिळाली. बंद पडलेल्या एका खाणीची जुनी रुग्णवाहिका होती. धूळ खात उभी होती, पण इंजिन धडधाकट. मी पांढरा रंग दिला. रंगाखालचं तांबडं फुलीचं चिन्ह ऊन पडलं की पुन्हा वर येई, तिकडे मी दुर्लक्ष केलं. मग कागदपत्रं. रुग्णवाहिकेची खाजगी गाडी करायची म्हणजे आत काय काय बसवलंय ते लिहून द्यावं लागतं. मुरगाव बंदरात छत्तीस वर्षं मी जहाजांच्या मालाच्या याद्या केल्या. खिळा सुटला नाही कधी. तशीच यादी करून नेली.

"फ्रीज कित्याक?" आरटीओच्या साहेबांनी विचारलं.

"मासळी ठेवायला."

"मग ही नुस्त्याची गाडी. धंद्याचें परमिट लागतलें."

"धंदा नाही हो. बायकोसाठी नेणार आहे."

साहेबांनी अर्ज उलटून मागची बाजूही पाहिली. "बायलेखातीर म्हण कॉलम ना हांगा."

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला त्यांनाच माझी दया आली. "भाई, 'घरगुती सामान' बरय आनी सुटय म्हाका," ते म्हणाले. छत्तीस वर्षांत मी बांगड्याला घरगुती सामान म्हटलं नव्हतं. लिहिलं.

आता दुसरा फ्रीज घेतला, बारा व्होल्टचा, कंप्रेसरवाला, बॅटरीवर चालणारा. कलला तरी चालतो, झोपवला तरी चालतो. बाबलीने जोडणी केली आणि तो चालेना. सुरू होई, गुरगुरे, तांबडा दिवा लुकलुकवे आणि बंद पडे. दोन दिवसांनी उलगडा झाला. बाबलीने दाराच्या बेलची उरलेली वायर वापरली होती. तेवढ्या बारीक वायरीतून फ्रीजपर्यंत पुरेसे व्होल्ट पोचतच नव्हते.

"वायर म्हळ्यार वायर, भाई," बाबली म्हणाला.

"अरे, मग विहिरीचं पाणी सुतळीने ओढ ना!"

वायर जाड आली. फ्रीज असा चालला की रात्रभरात त्याने इंजिनाची बॅटरी पिऊन टाकली आणि सकाळी गाडी सुरूच होईना. वाड्यावरची आठ माणसं रुग्णवाहिका ढकलत रस्त्यावरून चालली, आणि पुढे स्टिअरिंगवर मी, चेहरा पडलेला. हे दृश्य कुणीतरी पाहिलं आणि गौरवीला फोन केला, तुझ्या बापायक ॲम्ब्युलन्सीन घातलो म्हणून.

शेवंतीचा फोन आला तो रडतच. मग तिला खरं कळलं तेव्हा ती जी सुटली! या वयात हे धंदे, घरात एक फ्रीज आहे तो पुसवत नाही, आणि पांढरा शर्ट घालून ढकलगाडीत कशाला बसलात. अर्धा तास बोलली. त्याआधीच्या सहा महिन्यांत मिळून ती तेवढं बोलली नव्हती. फोन ठेवल्यावर मला वाटलं, बॅटरी आणखी एकदा उतरायला हरकत नाही.

फ्रीज कशासाठी ते मात्र मी सांगितलं नाही. ती माझी गंमत होती. फ्रीजला वेगळी बॅटरी आली, टपावर सोलर पॅनेल आलं, गाडी आंब्याच्या सावलीतून हलवून उन्हात आली. वैशाखात एका रविवारी मी पेडण्याच्या बाजारात शांताकडे गेलो. शांता आमची वर्षानुवर्षांची मासळीवाली. बांगड्यांचा एक वाटा, विसवणाचे, म्हणजे सुरमईचे, तुकडे आणि सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, मोठी पिशवी घेतली.

"सोलापुराक?" ती म्हणाली. "थर्माकोलाच्या पेटयेंत बर्फ घाल आनी बशीर दवर. फाल्यां सकाळीं पावता. गाडी कित्याक?"

पाच महिने मी जे केलं त्याला थर्माकोल हे उत्तर असूच शकत नाही. मी पिशवी उचलली.

चोर्ला घाटात माझा मान असा झाला की विचारू नका. उन्हाने फुली वर आली होती. ट्रक बाजूला होत होते, गाड्या थांबून वाट देत होत्या, एका बाईने हात जोडले. मी गंभीर चेहरा ठेवला. मग एका वळणावर चार-पाच जणांनी आडवे हात करून गाडी थांबवली आणि मी काही बोलायच्या आत दार उघडून मोटरसायकलवरून पडलेला एक जाडजूड गृहस्थ माझ्या पलंगावर आडवा केला. पाय मुरगळला होता, भोपळ्याएवढा सुजला होता.

"ही रुग्णवाहिका नाही," मी म्हटलं.

"मग हें कितें?" त्यांनी फुलीकडे बोट दाखवलं.

गृहस्थ विव्हळत होता. "बर्फ ना?" म्हणाला. बर्फ नव्हता. गोठलेली सुंगटं होती. ती पिशवी मी त्याच्या घोट्याला पंच्याने बांधली आणि बेळगावपर्यंत तो आशीर्वाद देत आला. हॉस्पिटलात पोलिसांना जबाब, माझं नाव, बापाचं नाव, रुग्णाशी नातं. 'नातं काही नाही' असं लिहायला तयार होईनात, तेव्हा 'वाटेवरचा' असं लिहिलं. एवढं होईपर्यंत दिवस बुडाला. आवारातच गाडीत झोपलो. सकाळी कळलं की गृहस्थ सुंगटांसकट घरी गेले.

सोमवारी दुपारी मी सोलापुरात. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी खालून फोन केला. शेवंती नातीला कडेवर घेऊन उतरली. बारीक झाली होती. केस जास्त पांढरे झाले होते. मी फ्रीजचं झाकण उघडलं आणि म्हटलं, "उणे दहा!"

तिने आत पाहिलं. बांगडे ओळीने झोपले होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"अवो," ती हळूच म्हणाली, "आज सोमार."

तर असं. सोमवारी ती मासे खात नाही. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, आमच्या घरात सोमवारी सुऱ्याला मासळीचा वास लागलेला नाही, आणि मी व्होल्ट मोजता मोजता वार विसरलो होतो.

"उद्या करू," मी म्हटलं.

"फाल्यां अंगारकी."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. मला तो आनंद वाटला.

म्हणजे फ्रीज बुधवारपर्यंत जगवायला हवा होता. गाडी उन्हात लावावी तर पॅनेल चाले, पण आत भट्टी होऊन कंप्रेसर धापा टाकी. सावलीत लावावी तर पॅनेल थंड. मी दर दोन तासांनी गाडी दहा फूट पुढे, दहा फूट मागे करू लागलो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गॅलरीतून हे पाहिलं आणि खाली आले. मी पार्किंगमधला प्लग मागितला.

"आत काय आहे, काका?"

विहीणबाईंचं घर शाकाहारी. मी काय सांगणार? "औषधं," मी म्हटलं.

जुनी रुग्णवाहिका, फुली, आत सतत चालू असलेला फ्रीज, झाकण उघडू न देणारा परगावचा म्हातारा. मंगळवारी दुपारपर्यंत दुसऱ्या मजल्यावर ठरलं होतं की आत कुणाचं तरी प्रेत आहे. चार वाजता सेक्रेटरी, वॉचमन आणि दहा-बारा माणसं गाडीभोवती जमली. गौरवी बँकेतून धावत आली. आणि लिफ्टचं दार उघडून, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, वॉकर टेकत टेकत विहीणबाई खाली उतरल्या. मागे शेवंती.

"उघडा," सेक्रेटरी म्हणाले.

मुरगाव बंदरात माझ्या सहीशिवाय जहाजाचं झाकण उघडत नसे. मी मान खाली घालून फ्रीजचं झाकण उघडलं. वॉचमन म्हणाला, "मासे हाईत की!"

"विहीणबाई, माफ करा," मी म्हटलं. "शेवंतीला अकरा महिने मिळाले नाहीत म्हणून..."

"एवढंच होय?" विहीणबाई म्हणाल्या. "अहो, त्या दर बुधवारी खाली कोमलकडं जेवतात की. कोमल कुडाळची, रोज मासे करती. मीच म्हटलं, जावा तुम्ही, जिवाला का मारता? माझ्या गुडघ्यांवर राबतात त्या, मी एवढं पण बघू नको का?"

मी शेवंतीकडे पाहिलं. शेवंती नातीकडे पाहू लागली.

"किती बुधवार?" मी विचारलं.

"पयल्या म्हयन्यासावन."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमी फोनार म्हज्याखातीर इतके कळवळताले," ती म्हणाली, "म्हाका तें मोडूंक मन जालें ना."

माणसं हळूहळू पांगली. मी झाकण लावलं. इतका अपमान मला ढकलगाडीतही वाटला नव्हता. पाच महिने, दोन फ्रीज, दोन बॅटऱ्या, आणि बाई दर बुधवारी जेवत होती!

बुधवारी शेवंती गाडीत आली, पदर खोचला, माझी शेगडी पुसून घेतली आणि बांगड्यांचं हुमण केलं. तिरफळांचा वास आला आणि माझा रागच निघून गेला. तिने वाढलं. मी एक बांगडा खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसऱ्याला मान वर केली तर ती जेवत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"अकरा म्हयन्यांत नुस्तें कितले फावट खाल्लें तुमी?"

मी पाणी प्यालो.

"सांगा मरे."

"एकदाही नाही," मी म्हटलं. "बांगडे वाट्याने मिळतात, शेवंती. एका माणसाचा वाटा नसतो."

तिने चौथा बांगडा माझ्या ताटात घातला आणि काटे काढून दिले. नात तिच्या मांडीवर झोपली होती. मी म्हटलं, "घरी चल. मला घर खायला उठतं." हे वाक्य मी पाच महिने सोडून फ्रीजबद्दल बोलत होतो. तिने नातीला मांडीवर नीट घेतलं. मग म्हणाली, दिवाळीनंतर पोर पाळणाघरात जाईल, तोवर विहीणबाईही चालू लागतील. तोवर नाही. दोघींना सोडून कशी येऊ? मला ते कळलं. कळलं म्हणून बरं वाटलं, असं नाही.

निघताना तिने फ्रीज भरून दिला. कोमलच्या घरी रांधून नऊ डबे, आठांवर तिच्या अक्षरात वार आणि आतला जिन्नस लिहिलेला, सोमवारच्यावर 'शिवराक', म्हणजे बिनमासळीचं. नववा जाड स्टीलचा, तिच्या माहेरचा, त्यावर काहीच नव्हतं. तो तिने तळाला ठेवला.

पार्सेला आल्यावर मी आठ दिवस आठ डबे खाल्ले. घरात नाही, गाडीतच बसून खाल्ले. नववा उघडला नाही. उघडला की संपला असता. एका डब्यासाठी सबंध फ्रीज चालला होता. आभाळ भरू लागलं, पॅनेलला ऊन मिळेना, मी गाडी रस्त्याकडे, मळ्याकडे, जिथे उजेड दिसेल तिथे नेऊन लावू लागलो.

"भाई, बंद कर आतां तो फ्रीज," बाबली म्हणाला. "बॅटरी मरतली."

"आत एक डबा आहे," मी म्हटलं. बाबलीने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच सल्ला दिला नाही.

बाविसाव्या दिवशी तांबडा दिवा लुकलुकला आणि फ्रीज थांबला. आता खाणं भाग होतं. पोई आणली, ताट मांडलं, तळाला बर्फात रुतलेला डबा सुरीने सोडवला आणि झाकण काढलं.

डबा रिकामा होता. धुऊन, पुसून, रिकामा. बावीस दिवस मी तो राखला होता!

मी तसाच फोन लावला. "शेवंती, तो स्टीलचा डबा रिकामा निघाला."

"हय."

"चुकून आला?"

"चुकून कित्याक येतलो? म्हज्या आवयचो डबो तो. म्हाका परत जाय."

तिला तो परत हवा होता. तिकडे नात काहीतरी ओरडत होती.

"आनी रिकामो हाडूं नाका," ती म्हणाली. "वार पळोवन या, सोमार न्हय. कोमलेचें नुस्तें बर्फाचें आसता, ताका चव ना."

बाबलीला बोलावून बॅटरी चार्जिंगला लावली. शांताला निरोप धाडला, अख्खा वाटा ठेव म्हणून. मंगळवारी पहाटे गाडी फाटकात काढून उभी केली तेवढ्यात भोंगा वाजला.

"एकूच?" पोदेराने विचारलं.

"सहा!" मी म्हटलं. "सोलापूरला न्यायच्या आहेत!"

एवढ्या मोठ्याने सांगायची काही गरज नव्हती.